वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचा जुना रूट ६६ आणि वाटेवरची नवलं

प्रश्न : मुलगा शिकागोला असतो. आम्ही दोघे, मुलगा-सून आणि ७ व ११ वर्षांची नातवंडं येत्या मे महिन्यात शिकागो ते लॉस एंजेलिस जुन्या रूट ६६ ने जाणार आहोत. हाताशी १० दिवस आहेत. मुलगा इंदूर-मुंबई एका दिवसात चालवत असे, तेव्हा रोजचे ४०० किमी जमतील ना? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : जमतील, पण मग वाटेत काहीच पाहून होणार नाही, आणि या रस्त्यावर जायचं ते वाटेतलं पाहायलाच. १९२६ साली आखलेला हा मार्ग ८ राज्यांतून सुमारे ३,९४० किमी जातो. आग्रा-मुंबई रस्त्याचा हिशेब इथे लागू होत नाही. जुना रस्ता प्रत्येक गावाच्या मधून जातो, गावात वेग ताशी ४०-५० किमीवर येतो आणि कित्येक ठिकाणी रस्ता मधेच संपून इंटरस्टेटवर, म्हणजे नव्या द्रुतगती महामार्गावर चढावं लागतं. इंटरस्टेट आले तशी एकेक गावं बाजूला पडली. शेवटचं अ‍ॅरिझोनातलं विल्यम्स, १९८४ साली. पुढच्याच वर्षी रूट ६६ सरकारी यादीतून निघाला.

आमचा सल्ला असा : शिकागोहून ओक्लाहोमातल्या टल्साला विमानाने जा आणि गाडी तिथे घ्या. शहराच्या पूर्वेला कटूसाच्या तळ्यात काँक्रीटचा निळा देवमासा आहे. ह्यू डेव्हिस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बांधला. पहिल्या दिवशी ओक्लाहोमा सिटी (१७० किमी). टल्साहून निघताना टर्नर टर्नपाइकवर चढू नका. तिथला टोल रोख घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो काढून बिल पाठवतात आणि भाड्याच्या गाडीवर कंपनी त्यात आपलं शुल्क वाढवते. समांतर जाणारा जुना रस्ता फुकट आहे आणि आर्केडियातलं १८९८ चं गोल कोठार व ६६ फुटी सोडा बाटली त्यावरच आहेत. दुसऱ्या दिवशी अमारिलो (४२० किमी), तिसऱ्या दिवशी अल्बुकर्की (४६० किमी). हे दोन दिवस लांबचे आहेत. सकाळी ८ च्या आत निघा.

चौथ्या दिवशी हॉलब्रुक. तिथल्या विगवॅम मोटेलमध्ये काँक्रीटचे तंबू म्हणजेच खोल्या. त्या फक्त १५ आहेत, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी ही खोली धरा. तंबू लहान आहेत, सहा जणांना दोन लागतील. गावाच्या पूर्वेला पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान आहे. रूट ६६ चा तुकडा हद्दीत असलेलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान, आणि ती जागा दाखवायला तिथे १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर गाडी ठेवली आहे. फाटक संध्याकाळी बंद होतं, म्हणून दुपारी २ च्या आत पोचा. दगड झालेल्या लाकडाचा कपचासुद्धा खिशात घालू नका, गुन्हा आहे. नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

पाचव्या दिवशी विन्स्लोजवळचं उल्काविवर. व्यास सुमारे १.२ किमी, वय सुमारे ५०,००० वर्षं. आपलं लोणार याहून मोठं आहे, पण इथे पाणी नाही, त्यामुळे खळग्याचा आकार तळापर्यंत दिसतो. अपोलोचे अंतराळवीर सरावाला इथेच येत. जागा खासगी आहे, राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. मुक्काम विल्यम्सला. सहावा दिवस ग्रँड कॅन्यनला द्या, जाऊन-येऊन १९० किमी. २०२६ पासून १६ वर्षं व त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना तिथे नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर पडतात, तेवढे हिशेबात धरा. सातव्या दिवशी सेलिगमनमार्गे किंगमन. एंजल डेल्गाडिल्लो या न्हाव्याने १९८७ मध्ये गावकऱ्यांना जमवून जुना रस्ता वाचवण्याची चळवळ सुरू केली, ती याच सेलिगमनमध्ये. इथून किंगमनपर्यंत जुना रस्ता न तुटता मिळतो. घाई करायची नाही असा एकच दिवस निवडायचा तर हा निवडा.

आठव्या दिवशी ओटमनमार्गे बार्स्टो. ओटमनचा घाट अरुंद आणि फार वळणांचा आहे. कुणाला गाडी लागत असेल तर किंगमनहून सरळ इंटरस्टेट ४० ने नीडल्स गाठा. ओटमनच्या रस्त्यांवर सोन्याच्या खाणींच्या काळातल्या गाढवांचे वंशज मोकळे फिरतात. त्यांच्या पिल्लांना काही खाऊ घालू नका. नीडल्सला टाकी भरून घ्या, पुढे मोहावीच्या वाळवंटात पंप फार अंतराने आहेत. नवव्या दिवशी सँटा मोनिका.

इलिनॉयमधले फायबरग्लासचे राक्षसी पुतळेही चुकवायला नकोत. विल्मिंग्टनचा रॉकेटधारी ‘जेमिनी जायंट’ आणि अटलांटा गावचा हॉटडॉगवाला पॉल बन्यन (लोककथेतला लाकूडतोड्या) शिकागोहून एका दिवसात पाहून होतात. १९६० च्या दशकात असे पुतळे कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातून देशभर गेले. दोन पदरी रस्त्यावर प्रत्येक पंपाला, मोटेलला आणि खानावळीला धावती गाडी थांबवायची होती. लांबून दिसेल असा माणूस उभा करणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय होता.

शेवटचं महिन्याबद्दल. ओक्लाहोमात मे हा टोर्नेडोंचा ऐन महिना. तारखा बदलता येत असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. मे महिनाच असेल तर फोनवरचे आपत्कालीन इशारे बंद करू नका. इशारा आल्यास पक्क्या इमारतीत तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब बसा. पुलाखाली गाडी लावून थांबणं धोक्याचं आहे, तिथे वारा आणखी जोर धरतो.

प्रश्न : इंदूरचा परवाना तिकडे चालतो का? भाड्याची गाडी घेताना काय बघावं? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट दोन्ही न्या. नुसत्या परमिटला किंमत नाही. अर्ज सारथी पोर्टलवर फॉर्म ४-अ मध्ये करायचा, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि परवाना. शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. काम नायता मुंडल्याच्या आरटीओचं. निघण्याआधी महिनाभर तरी अर्ज करा.

गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं हवं. डेबिट कार्डावर अनेक काउंटर गाडी देत नाहीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून मर्यादा वाढवून घ्या, कारण अनामत रक्कम कार्डावर अडकून राहते. गाडी एका राज्यात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचा आकार कधी कधी भाड्याइतका होतो. म्हणून दिवसाचा दर न बघता शेवटची एकूण रक्कम बघा. विमा दोन प्रकारचा असतो : आपल्या गाडीच्या नुकसानीचा आणि दुसऱ्याला झालेल्या इजेचा. दुसरा विसरला जातो, आणि खरा खड्डा तिथेच पडतो. ८ वर्षांखालच्या मुलाला ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्नियात बूस्टर सीट लागते. भाड्याने घेण्यापेक्षा मोठ्या दुकानातून विकत घेतलेली स्वस्त पडते.

प्रश्न : उजवीकडून चालवताना कुठे चुकतं?

उत्तर : पहिल्या दिवशी वळताना वायपर सुरू होतात, कारण इंडिकेटर डाव्या हाताला असतो. त्याने काही बिघडत नाही. धोका दुसरा आहे : चालक डावीकडे बसतो, पण डोळ्यांना जुनी सवय असते, म्हणून गाडी नकळत लेनच्या उजव्या कडेला सरकते. डाव्या आरशातून डावी रेघ पाहत राहा. ‘स्टॉप’च्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. चारही बाजूंना पाटी असेल तर जो आधी आला तो आधी जातो, दोघे एकदम आले तर उजवीकडचा. लाल दिवा लावून उभ्या स्कूलबसला ओलांडून पुढे जाऊ नका. मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं.

पंपावर यंत्र झिप कोड (तिथला पिनकोड) मागतं आणि भारतीय कार्ड नाकारतं. आत जा, पंपाचा क्रमांक सांगा, ‘४० डॉलरचं’ म्हणून आधी पैसे भरा. कमी लागलं तर उरलेले परत मिळतात. साध्या गाडीला ८७ क्रमांकाचं पेट्रोल. नळीच्या रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. काही पंपांवर हिरवी नळी डिझेलची असते, काहींवर पेट्रोलची.

प्रश्न : कॅडिलॅक रँचवर मुलांना रंग मारू देतात का? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : देतात, आणि फुकट. अमारिलोच्या पश्चिमेला शेतात १० कॅडिलॅक गाड्या नाकावर पुरल्या आहेत. १९७४ मध्ये अँट फार्म या कलावंतांच्या गटाने, स्टॅनली मार्श यांच्या जमिनीवर. शहर वाढलं म्हणून १९९७ मध्ये त्या आणखी पश्चिमेला हलवल्या. स्प्रेचे डबे शहरातून घ्या, दोघा मुलांना ३ पुरतात. पाठीवर वारा घेऊन फवारा, नाहीतर रंग तोंडावर येतो. आधीच्या लोकांचा थर ओला असतो, टेकू नका. पाऊस झाला असेल तर चिखल घोट्यापर्यंत, जुने बूट घाला. रिकामे डबे उचलून आणा. उरलेले विमानात नेता येत नाहीत.

प्रश्न : शाकाहारी माणसाने काय खावं?

उत्तर : मेक्सिकन खानावळीत शिजवून घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, न्यू मेक्सिकोच्या हिरव्या मिरचीच्या रश्शातही मांस असू शकतं. दर वेळी विचारा. इंटरस्टेट ४० वर पंजाबी ट्रकचालकांमुळे काही ट्रक-थांब्यांवर डाळ-रोटी मिळते, दोन दिवस आधी नकाशावर शोधून ठेवा. इंदुरी शेव नेता येते, फक्त कस्टमला तसं सांगा. कच्चा तांदूळ मात्र नेऊ नका. धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने भारतातून प्रवाशांच्या सामानातला तांदूळ तिथे बंद आहे.

प्रश्न : घड्याळ किती वेळा बदलायचं?

उत्तर : टेक्सास सोडून न्यू मेक्सिकोत शिरताना एक तास मागे. अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही, म्हणून मार्च ते नोव्हेंबर तिथे शिरताना आणखी एक तास मागे. पुढे कॅलिफोर्नियात तीच वेळ. अ‍ॅरिझोनातला नवाहो या मूळनिवासींचा प्रदेश मात्र उन्हाळी वेळ पाळतो, तिथली सहल आधी ठरवली असेल तर वेळ कुठली ते विचारून घ्या.