सब्जाला तुरे आले, आता काय करू?

प्रश्न: गच्चीवर कुंड्यांमध्ये पुदिना, सब्जा, गवती चहा, कोरफड आणि वाळा लावला आहे. उन्हाळा लागल्यापासून पुदिना करपतोय आणि सब्जाला नुसते तुरे येतायत. सगळ्यांना रोज दोन वेळा पाणी घालते. झाडं अशक्त होतील म्हणून पानंही तोडत नाही. काय चुकतंय? आणि या झाडांचा पूर्वापार उपयोग कसा करतात?

उत्तर: काय चुकतंय ते तुम्हीच लिहून टाकलंय: पानं तोडत नाही.

सब्जा हा तुळशीचा भाऊबंद. तुरा आला की झाडाचा सगळा जोर बियांकडे वळतो आणि पानं बारीक होत जातात. तुरा दिसला की पानांच्या एका जोडीच्या जरा वर खुडा. त्या जोडीच्या बगलांतून दोन फांद्या फुटतील. दोन-तीन तुरे मात्र राखा. ते वाळून तपकिरी झाले की तळहातावर चोळायचे आणि भुसा फुंकून टाकायचा. हातात काळं बी उरतं. चमचाभर बी पेलाभर पाण्यात टाकलं की पाव तासात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गोळा तयार होतो. उन्हाळ्यात हे पाणी पिण्याची पद्धत जुनीच आहे. बी कोरडं मात्र गिळू नका, घशातच फुगायचं.

पुदिन्याला दुपारचं ऊन सोसत नाही. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन त्याला पुष्कळ. करपलेल्या फांद्या मातीच्या वर दोन बोटं ठेवून सरळ कापा. घाबरू नका, मातीखालून पळणारं खोड जिवंत असतं, त्यातूनच नवे कोंब येतात. त्याला रुंद आणि स्वतंत्र कुंडी द्या. शेजाऱ्याच्या मातीत घुसायची त्याची खोड जात नाही.

कोरफडीचं पाणी आजच थांबवा. मीही पहिल्या उन्हाळ्यात तिला मायेने रोज पाणी पाजलं. एकदा पान जरा ओढलं, तर अख्खं झाड हातात आलं. खाली मुळांच्या जागी काळा, कुजका लगदा. आता मातीत बोट खुपसून बघते, दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाने भाजलेल्या कातडीवर गर लावतात, पण पान तोडलं की आधी उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या. तो पोटात गेला तर जबर जुलाब होतात.

गवती चहाला तुमचं दोन वेळचं पाणी चालेल. पात ओढू नका, तिची कड बोट चिरते. बुडाजवळून कात्रीने कापा. पातीची गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकली की लिंबासारखा वास सुटतो. तो सिट्राल नावाच्या वासाच्या द्रव्याचा; लिंबाच्या सालीतही तेच असतं.

पानं सकाळी, दव सुकल्यावर पण ऊन तापायच्या आत तोडा, तेव्हा वास भरपूर असतो. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको. वाळवायची तर सावलीत.

वाळ्याला तेवढं हात लावू नका. त्याचं सगळं मोल मुळांत असतं आणि ती खोल उतरायला वर्ष-दीड वर्ष जातं. मग कुंडी पालथी करायची, मुळं धुऊन सावलीत वाळवायची आणि एक छोटी जुडी पिण्याच्या पाण्यात सोडायची.

प्रश्न: गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवली तर डास पळतात का?

उत्तर: नाही. तेल पातीत कोंडलेलं असतं. पात चुरगळली तर वास सुटतो, पण तो थोडा वेळच. कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी आधी ओतून टाका. डास तिथेच होतायत.