अमेरिकेत कारखान्याचं काम परदेशी गेलं तर सरकार कामगाराला काय देतं?

तुमचा प्रश्न असा: मावसभाऊ ओहायोत गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्याची लाइन मेक्सिकोला चालली आहे. अशा कामगारांना सरकार दोन वर्षं शिकायला पैसे देतं असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का? आणि भारतात असं काही आहे का?

खरं होतं, आता नाही. योजनेचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, बोलताना सगळे टीएए म्हणायचे. 1 जुलै 2022 पासून अमेरिकेचं कामगार खातं तिच्यात नवे अर्ज घेत नाही. जे त्याआधी पात्र ठरून कामावरून कमी झाले होते त्यांचे लाभ पुढे चालले, पण आज कपात होणाऱ्याला तिथून काही मिळणार नाही. इंटरनेटवर जुनी माहिती भरपूर पडून आहे, तीच वाचून लोक आशेवर बसतात.

मी मिशिगनमध्ये याच योजनेतून शिकले, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आमची असेंब्ली लाइन मेक्सिकोला गेली तेव्हा तिघा कामगारांनी मिळून अर्ज केला होता. कायद्याने तेवढं पुरायचं. युनियन किंवा कंपनीही अर्ज करू शकायची. मग कामगार खातं चौकशी करायचं की काम खरोखर आयातीमुळे किंवा उत्पादन बाहेर गेल्यामुळे गेलं का. मंजुरी मिळाली की त्या गटातले सगळे पात्र. प्रत्येकाने वेगळं भांडायला नको.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट होती वेळ. बेकारी भत्ता संपल्यावरही शिक्षण चालू असेल तर त्याच दराने भत्ता चालू राहायचा, सगळं मिळून 130 आठवड्यांपर्यंत. कम्युनिटी कॉलेजची फी सरकार भरायचं. दोन वर्षांचा मशीन मेंटेनन्सचा कोर्स घरभाडं भरत पुरा करता येतो, यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेगळी सोय होती: नवी नोकरी कमी पगाराची असेल तर फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत जास्तीत जास्त 10,000 डॉलर. आमच्या लाइनवरच्या वयस्कर बायकांना कॉलेजपेक्षा हेच पटायचं, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

योजना निघाली 1962 मध्ये, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात. आयातशुल्क कमी केल्याने देशाचा फायदा होतो, पण तोटा ठरावीक लोकांच्या वाट्याला येतो, तर त्यांना भरपाई द्या, हा विचार. अटी इतक्या कडक होत्या की पहिली सात वर्षं एकही कामगार पात्र ठरला नाही. 1974 मध्ये अटी सैल केल्या. पुढे हा विषय दरवेळी नव्या व्यापार करारांच्या राजकारणाशी बांधला गेला. सरकारला करार करण्याचे खास अधिकार द्यायचे की नाही यावर तिथल्या संसदेचं, म्हणजे अमेरिकी काँग्रेसचं, जमेना, आणि त्या भांडणात योजनेची मुदत संपून गेली. योजनेत एक खोट मात्र पहिल्यापासून होती. काम मेक्सिकोला गेलं तर मदत, तेच काम रोबोटने घेतलं तर नाही. घरी बसलेल्याला दोन्हीचं दुःख सारखंच.

आता तुमच्या भावाने काय करावं ते. कंपनीत सगळे मिळून 100 किंवा जास्त कामगार असतील तर प्लांट बंद करण्याआधी किंवा मोठ्या कपातीआधी साधारणपणे 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शेवटच्या दिवसानंतर लगेच बेकारी भत्त्याचा अर्ज करायचा. ओहायोत तो जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतो. मग जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, जाऊन ‘डिसलोकेटेड वर्कर’ (कपातीत काम गेलेला कामगार) म्हणून नाव नोंदवायचं. टीएए गेली तरी शिक्षणाच्या खर्चासाठी हा मार्ग उघडा आहे. पण इथे निधी मर्यादित असतो आणि कोर्स राज्याच्या यादीतला लागतो, म्हणून मंजुरीआधी स्वतःच्या खिशातून फी भरू नये. मंजूर कोर्स चालू असताना बेकारी भत्त्यासाठीची नोकरी शोधण्याची अट सुटू शकते, ते तिथेच विचारून घ्यावं. आरोग्य विम्याचं पहिल्याच आठवड्यात बघा, कारण नवा विमा घ्यायला मिळणारे 60 दिवस कधी संपतात कळत नाही.

भाऊ एच-वन-बी व्हिसावर असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्याकडे साधारण 60 दिवसच असतात आणि बेकारी भत्ताही सहसा मिळत नाही. मग कोर्सचा विचार सोडून नवा मालक शोधणं किंवा वकील गाठणं आधी.

भारतात काम परदेशी गेलं म्हणून वेगळी मदत नाही. कपात झाली तर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, तोही मालकाने द्यायचा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्प्रशिक्षण निधीची भर आहे, त्यात मालकाने आणखी 15 दिवसांचा पगार भरायचा. तेवढ्यात नवं कौशल्य कसं शिकायचं, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत रोजच्या सरासरी मजुरीच्या 50 टक्के, 90 दिवसांपर्यंत आणि आयुष्यात एकदाच. तिची मुदत वाढवत वाढवत चालवली जाते, म्हणून आधी शाखेत चौकशी करावी. 1992 मध्ये कामगारांना पुन्हा शिकवून उभं करायला नॅशनल रिन्यूअल फंड काढला होता, पण त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीतच गेला.

भावाचा व्हिसा कोणता, वय किती आणि युनियन आहे का, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.