'च' काढून पाहा

"माझे स्वतःचे म्हणावे असे माझ्याकडे काही आहे का?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या लिहित्या, गात्या आणि चित्रे काढणाऱ्या तरुणांकडून मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका गीतकाराच्या सात भेटी येथे थोडक्यात सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हा तरुण मूळचा शहाद्याचा, आता पुण्यात गाणी लिहिणारा. त्याचे नवे गाणे ऐकून एक मित्र सहज म्हणाला, "हे अगदी इंडियन ओशनसारखं वाटतं." त्यानंतरच्या आठ महिन्यांत त्याने लिहिलेला प्रत्येक कागद फाडला आणि नववीपासून जिवाभावाचा असलेला तो बँड ऐकणेही सोडून दिले.

"मॅडम, मी लिहीत नाही, नुसतं आठवत असतो."

"मग गाणं कसं असायला हवं?"

"पूर्णपणे माझंच."

ते वाक्य मी कागदावर लिहिले आणि त्यातला 'च' खोडला. माझा विश्वास विवेकनिष्ठ विचारसरणीवर, म्हणजे 'असेच व्हायला हवे' हा हट्ट तपासून सोडण्यावर आहे, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगते की, माणसाचे निम्मे दुःख या एका अक्षरात दडलेले असते. तो हसला, कागद घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा परत आला.

चौथ्या भेटीत मी विचारले, "मित्र खरं बोलला असेल तर?"

अशा वेळी धीर देण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. त्याने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"तर ते गाणं इंडियन ओशनसारखं आहे."

"आणि तुम्ही?"

बराच वेळ गेला. "मी नववीत मावसभावाच्या सीडीवर 'कंदिसा' ऐकलेला मुलगा आहे."

मग तो भरभरून बोलू लागला. १९९० साली दिल्लीत सुरू झालेल्या या बँडचा तो अल्बम २००० सालचा. त्यातल्या 'मा रेवा'ला नर्मदाकाठच्या लोकगीताचा आधार आहे; बँडचे राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. शहाद्यावरून परिक्रमावासी जातात. "नर्मदे हर" अशी हाक आली की आजी सूपभर शिधा घेऊन ओट्यावर जायची. त्याच हाकेतल्या नदीचे नाव सीडीतून ऐकू आले, तेव्हा आपल्या ओट्यावरचे गाणेही गाणेच असते हे त्याला प्रथम जाणवले.

"मग ओट्यावरच्या भाषेत का लिहीत नाही?"

"अहिराणी इथे कोणाला कळणार?"

"'कंदिसा' तुम्हाला कळलं होतं?"

ती तर केरळमधल्या सिरियन ख्रिश्चनांची सिरियाक भाषेतली प्रार्थना! त्यातला एकही शब्द न कळता त्याने ती शेकडो वेळा ऐकली होती. तो खळखळून हसला. बँडचा ठेका त्याने घेतला होता. दुसऱ्याच्या ओट्याशी बसून ऐकण्याची त्यांची सवय मात्र घ्यायची राहिली होती. हे माझ्याही त्याच क्षणी लक्षात आले, आणि प्रश्न वेळेवर सुचल्याचे समाधान मी लपवत नाही.

किशोरवयात ऐकलेले संगीत पुढच्या आयुष्यातही विशेष ठळकपणे आठवते, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे; त्यामुळे ते पुसण्यात शक्ती घालवू नये. आवडत्या कलाकाराकडून आपण चाल उचलली की पाहण्याची रीत, हे कागदावर मांडावे. ते ऐकताना आपण कुठे बसलो होतो, घरात कोण होते, हेही आठवावे. बहुतेकांचा स्वतःचा ऐवज तिथेच सापडतो. आणि उसने वाटणारे गाणे आधी पूर्ण करावे, कारण दुरुस्ती पुऱ्या गाण्याची होते, फाडलेल्या कागदाची होत नाही.

सातव्या भेटीत त्याने आजीच्या सुपावरचे अहिराणी गाणे टेबलावर बोटांनी ठेका धरत म्हणून दाखवले. दुसऱ्या कडव्यात ठेका बदलला आणि मी मान वर केली.

"हा तिथलाच आहे," तो म्हणाला, "राहू दे."

हा 'च' मी काढायला सांगितला नाही.