जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि आमचे गेलेले चौदा महिने

साताऱ्याच्या शाहूपुरीतील आपल्या घराला ग्रामपंचायतीच्या काळातील एक मिळकत क्रमांक, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीतील क्रमांक, आहे, २०२० च्या हद्दवाढीनंतर नगरपालिकेचा दुसरा मिळाला आहे, बोळाच्या तोंडाशी मंडळाने लावलेल्या फलकावरचे नाव कोणत्याच कागदात नाही आणि बँक कर्जासाठी या सगळ्याचा मेळ घालून मागते आहे, हे आपले निवेदन वाचताना मला आमचेच प्रकरण पुन्हा समोर दिसले.

आमचे वडिलोपार्जित घर जिल्ह्यातील एका लहान शहराच्या जुन्या पेठेत आहे. शहराचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, घरपट्टीच्या फेरआकारणीत शेजारच्या घराची वाटणी नोंदली गेली, एका क्रमांकाचे दोन झाले आणि तेथून पुढचे सर्व क्रमांक एकाने सरकले. आमचा २१४ चा २१५ झाला आणि २१४ शेजाऱ्यांच्या धाकट्या भावाकडे गेला. तशी नोटीस घरी आली होती. वडिलांनी आणि मी तिच्यातील कराची रक्कम तेवढी पाहिली, ती फारशी वाढलेली नव्हती म्हणून कागद कपाटात ठेवला आणि हरकतीची ३० दिवसांची मुदत निघून गेली. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीचा अर्ज करताना मी खरेदीखत पाहून २१४ लिहिले, आणि त्यामागे ‘जुना’ हा एक शब्द लिहिला नाही. अर्ज शेजाऱ्यांच्या नोंदीला जोडला गेला, त्यांना नोटीस गेली आणि आम्ही त्यांच्या हिश्श्यावर हक्क सांगत आहोत असा त्यांचा समज झाला. तीन पिढ्यांचा घरोबा त्या एका शब्दापायी तुटला, याचे दुःख मला आजही आहे.

त्यानंतर ‘दोन्ही क्रमांक एकाच घराचे आहेत असा दाखला आणा’ असे एका टेबलावर सांगत आणि ‘जुनी नोंदवही सापडत नाही’ असे शेजारच्या टेबलावर. चौदा महिने हेच चालले. शेवटी माहितीच्या अधिकारात मी दाखला मागितला नाही, तर दोन्ही नोंदवह्यांचे अवलोकन आणि त्या पानांच्या प्रमाणित प्रती मागितल्या. नोंदवही त्याच खोलीतील कपाटात होती.

मी वकील नाही, त्यामुळे पुढचे अनुभवाचे बोल समजावेत. आपण प्रथम ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीचा, जुना उतारा आणि नगरपालिकेचा आजचा आकारणी उतारा शेजारी ठेवून मालकाचे नाव, क्षेत्र व चतुःसीमा जुळतात का ते पाहावे आणि जुळत असल्यास ‘जुना क्रमांक अमुक, नवा क्रमांक अमुक’ असा उल्लेख असलेला दाखला लेखी अर्ज करून मागावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अधिसूचित, म्हणजे मुदत ठरवून जाहीर केलेल्या, सेवेत उशीर झाल्यास २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येते, आणि ते करण्यात संकोच बाळगू नये असे माझे ठाम मत आहे.

आकारणीचा क्रमांक करासाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून कर्जाच्या कागदांत सिटी सर्व्हे क्रमांक किंवा गट क्रमांक आधी लिहावा आणि मिळकत क्रमांक जुना व नवा असे दोन्ही त्यामागून लिहावेत. खरेदीखतातच मुळात चूक असेल तर मात्र दाखल्याने भागणार नाही, दुय्यम निबंधकांकडे चूक दुरुस्ती लेख नोंदवावा लागेल.

बोळाच्या नावाविषयी एवढेच सांगतो की मंडळाने फलक लावला म्हणून रस्त्याला नाव मिळत नाही. नगरपालिकेच्या सभेचा ठराव झाला आहे का ते विचारावे आणि त्याचा क्रमांक व तारीख घ्यावी. साताऱ्यात यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशा पेठांचा पत्ता पेठ आणि घर क्रमांकावरच चालत आला आहे, आणि तो क्रमांक घरांच्या रांगेप्रमाणे असेलच असे नाही. रस्त्याच्या एका टोकापासून क्रमाने क्रमांक द्यावेत आणि फेरआकारणीत ते कधीही सरकवू नयेत, वाटणी झाल्यास २१३/१ व २१३/२ करावे, असे मला मनापासून वाटते. सांगलीतील नातेवाइकांचे ऐकून आपण तिकडचे कलम अर्जात घालू नये. तेथे महानगरपालिका असल्याने महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम लागू आहे, आपल्याला नगरपालिकांचा १९६५ चा.

वीजबिलावरचा पत्ता बदलून घेण्यात सध्या वेळ घालवू नये. आपल्या नव्या क्रमांकाची नोटीस घरात असेल तर तिची तारीख आजच पाहावी, कारण हरकतीची मुदत अजून शिल्लक असल्यास बाकीचे बरेचसे करावेच लागणार नाही.