कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात भुंगा उडाला, आता मुलाचं लग्न कसं जमायचं?

"मॅडम, मुलगा चांगला आहे हो, नोकरी चांगली, व्यसन नाही, पण खोलीत किडे पाळतो, त्याला जरा समजावून सांगा आणि ते बंद करायला लावा." फोनवरचं पहिलंच वाक्य हे. मी पुण्यात फॅमिली काउन्सेलिंग करते, लग्नाआधीच्या केसेस बऱ्याच येतात, पण ही अशी पहिल्यांदाच आली. नंतर मात्र लक्षात आलं की वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न मला खूप जण विचारतात, मुलाचा छंद विचित्र आहे, लोक काय म्हणतील, याच्यात काही मानसिक प्रॉब्लेम तर नाही ना. म्हणून फोन करणाऱ्या आई आणि त्यांचा मुलगा, दोघांना विचारून, नाव-गाव काहीही न देता लिहितेय.

झालं असं होतं की मुलगी बघण्याचा कार्यक्रम घरीच ठेवलेला, संध्याकाळी सातची वेळ, पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या डिश, आणि आतल्या खोलीतून अंगठ्याएवढा काळा भुंगा घरघरत आला तो थेट हॉलच्या ट्यूबलाइटवर आपटला आणि तिथून मुलीच्या मावशीच्या पदरावर. मावशी किंचाळल्या, डिश खाली, आणि मुलगा धावत येऊन आधी भुंगा उचलतोय, मावशींना काही लागलं का ते नंतर विचारतोय. दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आईंच्या मते पत्रिका आधीच जुळवून झाली होती, २६ गुण.

आई माझ्याकडे एकट्याच आल्या. साधारण पंचावन्न वय, माहेर मंगळवेढ्याकडचं. त्या रडतच होत्या, आणि रडता रडता मुलाची बाजूही घेत होत्या, "तो घाणेरडा नाहीये हो, वासबिस काही येत नाही, पण लोकांना कसं सांगू मी?" मी त्यांना सहज विचारलं की तुम्ही स्वतः कधी किडा हातात धरलाय का. नाही म्हणाल्या, मग थांबल्या, मग म्हणाल्या, "सोनकिडा धरलाय की. बाभळीवर मिळायचा. काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायचो, शाळेत न्यायचो, कुणाचा अंडी घालतो बघायचो." आपल्याकडे पावसाळ्यात बाभळीवर येणारा हा हिरवा चमकणारा भुंगा कित्येक जणांनी काडेपेटीत सांभाळलेला असतो. मला वाटलं आता यांचा सूर बदलेल, पण त्या लगेच म्हणाल्या, "पण मी काय लग्नापर्यंत नाही पाळला."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. कारण खरी काळजी त्यातच होती, किड्यांची किळस वगैरे नंतरचं, मुलगा अजून लहानच राहिलाय आणि संसाराला तयार नाही ही भीती.

मुलगा पुढच्या आठवड्यात आला, २८ वर्षांचा, आयटीतला, कंपनीने वर्षभर जपानला ऑनसाइट पाठवला होता. पहिली दहा मिनिटं तो एका शब्दात उत्तरं देत होता कारण त्याला वाटलं मी पण किडे टाकून दे म्हणणार. मी विचारलं, तो मावशींच्या अंगावर आलेला नर होता की मादी? मग जो बोलायला लागला तो थांबेना. नर होता, नराचं शिंग लांब असतं, मादीचं आखूड. गेंडा भुंगा. अंधार पडला की उडतो आणि उजेडाकडे जातो, त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून आईने खोली आवरली आणि डबा हलवताना झाकणाची क्लिप नीट लागली नाही, एवढंच कारण.

लहानपणी तो पोकेमॉनचा वेडा होता, आणि पोकेमॉन तयार करणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, त्यातून तो खेळ सुचला (पहिला गेम १९९६ चा), हे त्याला आधीपासून माहीत होतं. पण जपानमधे जुलैत एका दुकानात शिरला तर एका रांगेत कुंड्या-खुरपी आणि शेजारच्या रांगेत चक्क जिवंत भुंगे, किमतीच्या पट्टीसकट, त्यांना खायला छोट्या कपातली जेली, अळ्यांसाठी कुजवलेल्या लाकडाच्या भुशाची पिशवी, आणि आजोबा नातवाला घेऊन डबा निवडतायत. तिकडे त्या शिंगवाल्या भुंग्याला काबुतोमुशी म्हणतात, काबुतो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पाळणं ही तिकडच्या पोरांची नेहमीची गोष्ट. भुंगा उन्हाळ्यात अंडी घालतो, अळी सगळा हिवाळा कुजक्या पाल्यात काढते, पुढच्या उन्हाळ्यात भुंगा बाहेर येतो आणि एक-दोन महिन्यांत मरतो. तो म्हणाला, "मॅडम, तिकडे एकटा होतो, ऑफिसमधे भाषा अर्धी कळायची, घरी आलं की ती एक अळी होती जिच्यासाठी माती ओली आहे का एवढं बघायचं." परत येताना त्याने काही आणलं नाही, असे जिवंत किडे परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत हे त्याला माहीत होतं. इथे कोकणात मामांच्या वाडीत शेणखताच्या खड्ड्यात त्याला गेंडा भुंग्याच्या अळ्या मिळाल्या. मामा हैराण, कारण त्यांच्यासाठी हा माडाचा शत्रू, कोवळा कोंब पोखरतो, ते तारेच्या हुकाने ओढून काढून मारतात आणि भाचा डब्यात घालून पुण्याला नेतोय.

आता मला काय बघायचं असतं ते सांगते, कारण बऱ्याच आईवडिलांना इथेच अडकायला होतं. छंद किती विचित्र आहे यावरून मी काहीच ठरवत नाही. झोप कशी आहे, कामावर जातोय का, पैसे किती जातात, मित्र आहेत का, चार दिवस बाहेरगावी जाऊ शकतो का, आणि त्या विषयावर बोलताना माणूस खुलतो की लपवतो. याचं सगळं ठीक होतं. ट्रेकला जातो, खर्च फारसा नाही, अळ्यांच्या वजनाची वही आहे, तारीख टाकून ग्रॅममधे. शिवाय जबाबदारीची जाण होती, जास्तीची अंडी तो फ्रीजरमधे ठेवून नष्ट करतो, वाढवलेले भुंगे बाहेर सोडत नाही कारण पुण्यातही नारळाची झाडं आहेत. (आईंना फ्रीजरचं माहीत नव्हतं, ते तिसऱ्या सेशनला कळलं आणि तो वेगळाच अर्धा तास गेला.)

पण एक गोष्ट मला खटकली आणि मी ती त्याला सांगितली. आदल्या वर्षी दोन मुलींना भेटायला त्याने नकार दिला होता आणि दोन्ही वेळा कारण दिलं की अळी कोषात गेलीय, डबा हलवता येणार नाही. यातली माहिती खरी आहे, अळी मातीत स्वतःभोवती पोकळी करते, कोषात तीनेक आठवडे जातात, भुंगा झाल्यावर पण अंग टणक होईपर्यंत तो तिथेच थांबतो, आणि ती पोकळी मोडली तर शिंग-पंख वाकडे होऊ शकतात. पण डबा हलवायचा नसतो, माणसाला चहा प्यायला जायला काय हरकत आहे? मी असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला अजून वर्षभर लग्न नकोय. आईला हे सांगितलं की ती जेवत नाही."

म्हणजे आई म्हणणार किड्यांमुळे लग्न जमत नाही, मुलगा म्हणणार किड्यांमुळे भेटायला येता येत नाही, आणि दोघांना एकमेकांशी जे बोलायचंय ते त्या डब्यात झाकण लावून ठेवलेलं. मला अशा केसेसमधे हे फार दिसतं, कधी कुत्रा असतो, कधी गाडी, कधी गिटार. घरातली सगळ्यात वेगळी वस्तू पकडायची आणि सगळं ओझं तिच्यावर टाकायचं. ती वस्तू काढून टाकली तर दोन महिन्यांत दुसरी सापडते, म्हणून "टाकून दे" हा सल्ला मी देत नाही, आणि ज्या घरांमधे दिवाळीच्या साफसफाईत वडिलांनी पोराचे डबे परस्पर फेकलेत तिथे नंतर काय होतं तेही मी बघितलंय, पोरगं किडे सोडत नाही, सांगणं सोडतं.

तिसरं सेशन एकत्र झालं. वर्षाचं तो बोलला. आई खरंच रडल्या, पण जेवण सोडलं नाही, सहा महिन्यांवर तडजोड झाली आणि तोपर्यंत मुली बघायच्या पण घाई करायची नाही असं ठरलं. मग बायोडेटाचा वाद. त्याने छंदात "कीटकपालन" लिहिलेलं, आईंचं म्हणणं लोकांना वाटेल रेशमाचा धंदा आहे, "निसर्गनिरीक्षण" लिहू. मी म्हटलं कागदावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण पहिल्या भेटीत मुलीला त्याने स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगायचं, फोटो दाखवून. यावर मी ठाम आहे. घरात जिवंत प्राणी असणार आहे ही गोष्ट होकाराआधी समोरच्याला कळलीच पाहिजे, नंतर सरप्राइज म्हणून नाही. काही जणांना किड्यांची नुसती किळस नसते, खरोखरची तीव्र भीती असते, छाती धडधडते, घाम फुटतो, त्या खोलीत पाय टाकवत नाही. अशा माणसाला "अगं काही करत नाही" म्हणून हातावर किडा ठेवणं ही क्रूरता आहे, त्याने भीती वाढते. ती कमी करता येते पण त्या मुलीची स्वतःची इच्छा असेल तर, थेरपिस्टच्या मदतीने, आधी चित्र, मग फोटो, मग दुसऱ्या टोकाला ठेवलेला बंद डबा, असं पायरीपायरीने. आणि तिची इच्छा नसेल तर दोघांनी वेळेवर नाही म्हणावं, त्यात कुणाचाच दोष नाही.

घरापुरते नियम त्या दोघांनीच केले. डबे सहाच्या वर नाहीत, झाकणाला जाळी आणि दोन क्लिपा, पाहुणे यायच्या दिवशी खोली तोच आवरणार, आणि संध्याकाळनंतर आईंनी त्या खोलीत गेलंच पाहिजे असा हट्ट त्याने करायचा नाही.

शाळकरी मुलांच्या आया पण हेच विचारतात म्हणून थोडक्यात. कढीपत्त्यावरची अळी बाटलीत ठेवून फुलपाखरू होताना बघणारं पोर, मेलेले भुंगे डबीत जमवणारं पोर, यात काळजीचं काही नाही. मेलेले किडे ठेवतो म्हणजे हा मोठा होऊन हिंसक होणार असं नसतं हो. किडा मेल्यावर पोर हळहळतं का, खायला घालायला विसरत नाही ना, हे बघा. मुद्दाम पाय तोडणं, तडफडताना बघून मजा घेणं, सांगूनही परत परत करणं, आणि तेच मांजरी-कुत्र्यांबरोबर किंवा लहान भावंडांबरोबर सुद्धा दिसत असेल तर मात्र थांबू नका, दाखवून घ्या. एकाच विषयात रमतो म्हणजे ऑटिझम असंही नेटवर वाचून ठरवू नका, त्यासाठी बोलणं, मिसळणं, रोजचं वागणं सगळं तपासावं लागतं. काही भुंग्यांच्या स्रावाने अंगावर फोड उठतात, केसाळ अळ्यांनी खाज सुटते, तेव्हा अनोळखी किडा हाताने धरायचा नाही आणि नंतर हात धुवायचे हा नियम हवाच. अभयारण्यातून काही उचलून आणायचं नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काही फुलपाखरं आणि भुंग्यांना पण संरक्षण आहे, त्यामुळे दिसलं ते घरी आणलं असं चालत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं विचाराल, तर त्यानंतर तीन मुलींना तो भेटला. एकीने फोटो बघून तिथेच नाही सांगितलं, आणि आईंना वाईट वाटलं तरी हॉलमधल्या त्या प्रसंगापेक्षा हे बरं असं त्या स्वतःच म्हणाल्या. दुसरीकडून दुसऱ्याच कारणाने नकार आला. तिसरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवाळीत आठ-दहा दिवस गावाला गेलात तर यांना कोण बघतं?" तो म्हणाला अळ्यांना कुणी लागत नाही, माती ओली करून गेलं की झालं, भुंग्यांना मात्र कुणीतरी केळ्याचा तुकडा बदलायला हवा. ती म्हणाली, मग आई काय म्हणतात? ते दोघं परत एकदा भेटलेत एवढंच मला माहितीये.

केळ्याचा तुकडा सध्या आई बदलतात, सकाळी, उजेडात, तो टूरवर असला तर. अंधार पडल्यावर त्या अजूनही त्या खोलीत जात नाहीत.