भुलाबाईच्या गाण्यांची वही जर्मनीला न्यावी का?

तुमचा प्रश्न असा, की नागपूर सोडून जर्मनीला जाताना आजींची भुलाबाईच्या, म्हणजे विदर्भातल्या मुलींच्या पारंपरिक खेळाच्या, गाण्यांची वही सोबत न्यावी का, आणि मुलांपर्यंत ती गाणी पोचतील का.

वही नेऊ नका. सुरुवातीला भाड्याची घरं बदलत राहतात आणि त्या सामानात आधी गहाळ होतो तो असला जुना कागद. घरात मोडी लिपीतली पोथी-बिथी असेल तर तीही बॅगेत टाकू नका. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

वही स्कॅन करा, रंगीत, ४०० ते ६०० डीपीआयवर. काळ्या-पांढऱ्यात पुसट पेन्सिल उडून जाते. कव्हर, समासातला हिशेब, कोरी पानंसुद्धा घ्या. लॅमिनेशन मात्र कोणी कितीही सुचवलं तरी नको. ते पुन्हा निघत नाही.

पण वहीत नुसते शब्द आहेत. चाल, ठेका, कुठल्या ओळीला सगळ्या पोरी हसायच्या, हे आजींच्या गळ्यात आहे. म्हणून निघण्याआधीचा वेळ रेकॉर्डिंगला द्या. सकाळी करा, म्हणजे कूलर बंद ठेवता येतो. पंखाही बंद. कूलरची घरघर नंतर काढायला गेलं की आवाजही पातळ होतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर बांगड्यांचा प्रत्येक ठोका बसतो. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात घ्या, मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

आजींना गाणं ‘सांगा’ म्हणू नका, ‘म्हणा’ म्हणा. सांगायला बसलं की दुसऱ्या कडव्यावर गाडी अडते. गाताना ओळीला ओळ येते. जमलं तर त्यांची बहीण किंवा जाऊ शेजारी बसवा. एक अडखळली की दुसरी उचलते, आणि ‘असं नाही, आमच्याकडे असं होतं’ हे भांडण सुरू झालं की रेकॉर्डिंग मुळीच थांबवू नका. मोलाचं तेच आहे. अर्थ गाणं संपल्यावर विचारा: ही नणंद कोणती, हे गाव कुठलं, कोणाच्या अंगणात खेळायच्या. लिहून घेताना आजींचे शब्द पुस्तकी करू नका.

मुलांचं म्हणाल तर, रेकॉर्डिंग लावून बसवलं की दोन मिनिटांत उठतात. त्यांना खिरापतीपासून सुरू करा. बंद डबा वाजवायचा आणि आत काय ते ओळखायचं; यात भाषा कमी लागते, मजा जास्त. मग गाणं, आणि तेही एकच, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज. ज्वारीचे धांडे तिथे मिळणार नाहीत, मखर मक्याच्या ताटांचा करा.

आजींशी व्हिडिओ कॉल रविवारी जर्मनीतल्या सकाळी अकराला ठेवा. हिवाळ्यात तेव्हा नागपुरात साडेतीन वाजलेले असतात, दुपारची झोप झालेली असते. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून बारा करा.

फाइलींच्या तीन प्रती: एक तुमच्याकडे, एक क्लाउडवर, एक वहीसोबत नागपूरला पेनड्राइव्हवर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग गाणाऱ्याचं नाव. नुसतं ‘आजी’ लिहू नका. तुमच्या नातवंडांना ती कोणाची आजी हे कळणार नाही.