पॅलिएटिव्ह केअर सेंटर निवडताना एनएबीएच मानांकन बघावं का?

वडिलांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणारी, दोन ठिकाणं बघून आलोय, एकाला एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन आहे, दुसऱ्याला नाही, कुठे ठेवू, असं तुम्ही विचारलंय. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत एकवीस वर्षं काढली आहेत. शिवाय याच पाटीवरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा उत्तर लांबणार.

मानांकन नंतर बघा. आधी विचारा, मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या, गोळ्या आहेत का? "मागवून देऊ" चालणार नाही. आत्ता, कपाटात आहेत का?

माझ्या सासूबाईंना जबड्याचा कॅन्सर होता. जन्मभर मिशरी लावली, दुसरं काय होणार. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, वर्षभरात परत उलटला. गालाला आरपार भोक पडलं, बोलणं बंद, नाकातून नळी. डॉक्टरांनी आता फक्त त्रास कमी करायचा असं सांगितल्यावर माझे मोठे दीर म्हणाले, आईला पुण्यालाच ठेवायचं, मानांकन असलेल्या हॉस्पिटलात. भावजी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. ज्या वस्तूला सर्टिफिकेट नाही ती वस्तूच नाही, अशी त्यांची श्रद्धा.

हॉस्पिटल खरंच चकाचक. लॉबीत फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, भिंतीवर रुग्णांच्या हक्कांची यादी, मनगटाला बारकोडचा पट्टा. दर चार तासांनी सिस्टर तो चेहऱ्यांचा तक्ता घेऊन यायची, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. "आजी, बोट ठेवा." आई रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या. तिसऱ्या रात्री मी बघितलं, सिस्टरनं फाइलमध्ये ६ लिहिलं. मी म्हटलं, अहो, त्यांनी दहावर बोट ठेवलं. पोरगी नवीन होती, खरं बोलून गेली. "मॅडम, सातच्या वर लिहिलं की वेगळा फॉर्म भरून ड्यूटी डॉक्टरांना उठवावं लागतं. आणि ते येऊन ट्रॅमाडॉलच देतात, ते तर चालूच आहे."

मी खाली त्यांच्या फार्मसीत गेले. आपल्याच धंद्यातला माणूस, त्यानं सांगून टाकलं. ऑपरेशन थिएटरपुरतं फेंटानिल, म्हणजे मॉर्फिनसारखंच कडक औषध, आहे, मॉर्फिनची गोळी ठेवतच नाही, रजिस्टरची कटकट कोण करणार.

तरी मी नऊ दिवस गप्प बसले. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक, त्याचा डोस संपतो कुठे आणि मॉर्फिन सुरू होतं कुठे, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण आई त्यांची, पैसे त्यांचे, मी धाकटी सून. माझा राग भावजींवर जेवढा आहे तेवढाच त्या नऊ दिवसांवर आहे.

दहाव्या दिवशी ह्यांना घेऊन बसले आणि आम्ही आईंना आमच्या जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये हलवलं. आठ खाटा, कौलारू इमारत, भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर. एनएबीएच वगैरे काही नाही. भावजी दारातच म्हणाले, "इथे ठेवणार? ह्यांच्याकडे साधं मानांकन नाही." तिथल्या सिस्टरनं आईंकडे बघून मला पहिला प्रश्न विचारला, "शौचाला कधी झालंय?" मी तिथेच निश्चिंत झाले. मॉर्फिननं पोट घट्ट होतं. पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करणारा माणूस काम शिकलेला असतो.

दोन कुलपांचं कपाट, दोन किल्ल्या दोघींकडे. दहा मिलिग्रॅमची गोळी, तिची अर्धी, पाण्यात विरघळवून नळीतून, दर चार तासांनी. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्ये उठवायला नको. देऊन झाली की रजिस्टरला वेळ, शिल्लक, सही. जखमेच्या वासानं नातवंडं खोलीत यायची बंद झाली होती. सिस्टरनं मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशकाच्या गोळ्या कुटल्या आणि ती पूड ड्रेसिंग करताना आत भुरभुरली. तीन-चार दिवसांत वास उतरला. औषध काही रुपयांचं. धाकटी नात शेजारी बसून तिची गृहपाठाची वही दाखवत होती, ते मी बघितलंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एनएबीएच ऐच्छिक आहे, क्वालिटी कौन्सिलच्या छत्राखाली चालतं. वेदना मोजा, नोंदवा, हे त्यांच्या मानकांत आहेच. पण मोजणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. मॉर्फिन ठेवायला लागते ती मान्यता अन्न व औषध प्रशासन देतं, आरएमआय म्हणतात तिला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था. पूर्वी एका बाटलीसाठी चार-पाच परवाने लागायचे. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन धरून सहा औषधांसाठी ही एकच मान्यता पुरेशी झाली. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर दाखवावा लागतो. माझ्या लेखी पॅलिएटिव्हचं खरं मानांकन हेच. मॉर्फिन अफूपासून होतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच अफूचे कारखाने आहेत, आणि आपल्या माणसाला गोळी मिळत नाही ती फक्त कुणी अर्ज केला नाही म्हणून.

डॉक्टरांचं शिक्षणही विचारा. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात २०१२ पासून पॅलिएटिव्ह मेडिसिनचं एमडी आहे, पण तेवढे डॉक्टर सगळीकडे कुठून येणार. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स केलेला एमबीबीएस असला तरी मला चालेल. आणि पाटीचंच म्हणाल तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, एनएबीएच जन्माला यायच्या जवळपास वीस वर्षं आधीपासून. वारज्याचं सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे, रुग्णाकडून पैसे घेत नाही. तुम्ही पुण्याजवळ असाल तर आधी तिथे फोन करा.

भावजी अजून म्हणतात, मॉर्फिननं आई लवकर गेली. नाही गेली. थोड्या डोसवर सुरू करून बेतानं वाढवलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, आजार मारतो. आई त्या सेंटरमध्ये तेवीस दिवस होत्या, त्यातले निदान पंधरा दिवस रात्रभर झोपल्या.

एक मात्र सांगायला हवं. मानांकन नाही म्हणजे जागा चांगली, असा अर्थ काढू नका. भाड्याच्या बंगल्यावर पॅलिएटिव्हची पाटी लावून आत एक मावशी आणि दहा म्हातारे, अशीही ठिकाणं मी बघितली आहेत. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्यानं लागतेच, तो कागद मागा, लाजू नका. आणि एनएबीएच आणि आरएमआय दोन्ही असलेलं हॉस्पिटल मिळालं तर डोळे झाकून जा, तसंही असतं. आमच्या नशिबी नव्हतं. दोन्ही ठिकाणी रात्री दोनला फोन लावून बघा, कोण उचलतं ते. वडील घरीच राहू म्हणत असतील तर घरी येणारी टीम आहे का तेही विचारा, बऱ्याच वेळा खाटेची गरजच नसते.

पुण्याच्या हॉस्पिटलची फाइल भावजींच्या कपाटात आहे, चांगली स्पायरल बाइंडिंग केलेली. त्यांनी ती कधीतरी उघडून वेदनेचा तक्ता बघावा. नऊ दिवस, दर चार तासांनी, एकाच निळ्या शाईत ६, ६, ६.